कामाची पोर

उज्ज्वलानं पुण्याहून तीन गावांची नावं पाठवली आणि त्यातलं एक निवडायचं काम बापावर टाकलं. प्राग, व्हिएन्ना, लिस्बन. तिन्ही युरोपातली. डिसेंबरच्या शेवटी आठ दिवस जायचं. आई, बाप आणि ती स्वतः. तिच्या नवऱ्याला रजा नव्हती. "बा, तिकिटं आता काढली पाह्यजे. तू फक्त गाव सांग," असं तिनं फोनमध्ये बोलून पाठवलं होतं. त्याला तीन आठवडे झाले. पूनमसिंगनं गाव सांगितलं नव्हतं.

पूनमसिंग चौसष्ट वर्षांचा. घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यावर त्याचं दोन खोल्यांचं घर. त्यानं आणि सुखीबाईनं पस्तीस हिवाळे सांगलीकडच्या उसात घातले. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक लागायचा, भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं वर चढायची, आणि होळीनंतर उरलेली माणसं खाली उतरायची. तीन वर्षांपूर्वी त्याचा डावा गुडघा गेला तेव्हा तो थांबला. रिकाम्या बसलेल्या माणसाला त्यानं जन्मभर नावं ठेवली होती. आता तो स्वतःच बसला होता, आणि ते त्याला पटत नव्हतं.

तांड्यावरची गोष्ट झाकून राहत नाही. बाजाराच्या दिवशी घाटंजीत चहाच्या टपरीवर घनश्यामनं त्याला गाठलं. घनश्याम शेजारच्या गावचा कापूसवाला, दोघांच्या शेतांची धुऱ्याला धुरा, बांध एकच.

"काय पूनमसिंग, लंडनले चाल्ला म्हणते?"

"लंडन नाही. तिनातलं एक ठरवाचं हाय."

"अरे, तीन ठिकाणी पोरी पाहून एक ठरवाले आठ दिवस लागते. तू महिना लावतं काय?"

"पोरगी पाहाले गेलं तं पोहे तं भेटते."

घनश्याम हसला. "काय अडलं मंग?"

"दोन गावांत थंडीचा चार वाजताच अंधार पडते म्हणते."

"चार वाजता? मंग ते लोक काम कवा करते?"

"तेच तं मी म्हणतो," पूनमसिंग म्हणाला आणि कप खाली ठेवला.

पण अडलं ते अंधारात नव्हतं. हिवाळा म्हटलं की त्याच्यापुढं थोरली पुष्पा उभी राहायची. धाकटी त्याला हिवाळ्यात विमानानं नेणार होती, आणि त्याच आठ दिवसांत थोरली सांगलीकडं उसात वाकलेली असणार होती. ती तिथं का होती, हे जगात एकट्या पूनमसिंगला ठाऊक होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटा मुलगा राजकुमार सहा महिन्यांचा होता. फडात त्याला सांभाळायला आणि भाकरी टाकायला एक पोर नेणं भाग होतं. दुसरीला तांड्यावर आजीजवळ ठेवता आलं असतं. पुष्पा दहाची, चौथीत. उज्ज्वला आठची, दुसरीत. कोणती न्यायची हे पूनमसिंगनं ट्रकपाशी उभ्याउभ्या ठरवलं. पुष्पाला एक काम सांगितलं तर ती दोन करून यायची. उज्ज्वलाला पाण्याला पाठवलं तर ती घागर विहिरीच्या काठावर ठेवून सागरगोटे खेळत बसायची आणि आजी तिला शोधत फिरायची. त्यानं कामाची पोर ट्रकमध्ये चढवली. बिनकामाची ठेवली. बैल निवडतानाही माणूस तेच पाहतो. त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही.

एका हंगामापुरतं म्हणून नेली. पण पुढच्या वर्षी पुष्पाच्या हाताला वळण पडलेलं होतं, मग तीच गेली. बाराव्या वर्षी ती पाचट सोलायला लागली, तेराव्या वर्षी मोळी बांधायला. सतराव्या वर्षी तिचं लग्न खेमसिंगशी झालं, तोही ऊसतोडीचाच. इकडं उज्ज्वला शाळेत बसून राहिली आणि बसल्याबसल्या शिकली. दहावी, यवतमाळचं वसतिगृह, मग पुणं. आता ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. राजकुमारनं राळेगावला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिन्ही लेकरांचं आपापल्या परीनं बरं चाललंय, असं लोक म्हणायचे. पूनमसिंग मान हलवायचा.

श्रावणात तांड्यावर तीज असते. कुमारिका पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस त्यांना पाणी घालतात, गाणी म्हणतात, आणि त्या निमित्तानं लग्न झालेल्या पोरीही माहेरी येतात. यंदा दोघी बहिणी एकाच दिवशी आल्या. उज्ज्वला ट्रॅव्हल्सनं यवतमाळला उतरून आली, पुष्पा सकाळच्या एस.टी.नं.

जेवणं झाल्यावर अंगणात सावलीला सगळे बसले. पूनमसिंग भिंतीपाशी कुदळीचा दांडा तासत होता. उज्ज्वलानं फोन बहिणीपुढं धरला. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची.

"बाई, आता तूच पाह्य. बा तं मुका झाला."

"मले काय समजते त्यातलं?" असं म्हणत पुष्पानं पदराला हात पुसले आणि फोन घेतला. मग तिनं विचारायला सुरुवात केली. जायला किती वेळ? यायला किती? उजेड किती तास? पाऊस असतो का? मुक्कामाची जागा सखल की चढावर? उज्ज्वला सांगत गेली. पुष्पा मध्ये एकदाही थांबली नाही.

"दोन गावं धरू नका. सामान बांधण्यात एक दिवस जाते. एकच धरा," ती म्हणाली. "आठातले दोन जाण्यायेण्यात गेले. राह्यले सहा. प्रागमधी उजेड आठ तास, व्हिएन्नात बी तेवढाच. लिस्बनमधी साडेनऊ. रोजचा दीड तास जास्त, सहा दिवसाचे नऊ तास. म्हणजे लिस्बनमधी एक पूरा दिवस फुकटात भेटते. थंडी बी कमी."

"पण बर्फ?" सुखीबाई म्हणाली. तिला एवढी एकच हौस होती.

"बर्फ पाहाचा असन तं यवतमाळले गोळा खाऊ घालीन तुले. अगोदर आपले गुडघे पाह्य. लिस्बनमधी चढ हाय, पण ट्राम हाय म्हणते. ठरलं, लिस्बन. याच्यासाठी तीन हप्ते लागले तुमाले?"

उज्ज्वलानं फोनवर आकडे मांडून पाहिले. बरोबर होते.

"बाई, तू हे डोक्यात केलं?"

"मंग कायात करू? फडात खेप मोजाले मुकादम मलेच उभी करते. काट्यावरचा माणूस चुकते, मी चुकत नाही." पुष्पा हसली. "मले काय आणसान तिकडून?"

पूनमसिंगच्या हातातलं तासणं थांबलं होतं.

"माह्या जागी पुष्पाले ने," तो म्हणाला.

तिघीही त्याच्याकडं पाहायला लागल्या.

"चौघं जाऊ न मंग," उज्ज्वला घाईनं म्हणाली. "माह्या मनात होतंच. पण बाई थंडीत फडात राह्यते म्हणून विचारलं नाही."

"तेच तं," पुष्पा म्हणाली. "माह्या जागी कोण उभं राहीन? तुमचा जावई एकटा म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याले टोळीत कोणी ठेवत नाही."

उसात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एक तोडतो, दुसरं सोलतं आणि मोळी बांधतं. त्यातलं एक बसलं की दुसऱ्याचं काम लंगडं पडतं आणि सगळ्या टोळीची खेप अडते.

"मी राहीन उभा," पूनमसिंग म्हणाला. "तोडणं त्याचं. सोलणं, बांधणं माह्यं."

सुखीबाईला हसू फुटलं. "सासरा जावयाचा कोयता? लोक तोंडात शेण घालतीन तुमच्या!"

"घालू दे."

"आणि गुडघा?"

"बांधणं बसूनबी होते."

पुष्पा हसली नाही. "काहून, बा? आत्ताच काहून सुचलं तुले?"

'असंच' म्हणून तो मोकळा झाला असता. इतकी वर्षं तो असंच म्हणत आला होता. त्यानं दांडा बाजूला ठेवला.

"तुले पह्यल्या वर्षी नेलं ना फडात," तो म्हणाला. "तू कामाची होती म्हणून नेलं. हे आळशी होती म्हणून घरी ठेवली. दुसरा काहीच इचार नव्हता माह्या मनात. तू आळस केला असता तं तुले ठेवली असती, इले नेली असती."

घाव आधी उज्ज्वलाला बसला. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"मले तं वाटे," ती म्हणाली, "मी हुशार म्हणून मले शाळेत ठेवलं."

"हुशार हे होती," पूनमसिंग पुष्पाकडं बोट करून म्हणाला. बोलल्यावर त्याला कळलं, की एका फटक्यात आपण दोन्ही लेकी दुखावल्या. पण खोटं घालून ते मऊ करणं त्याला जमणारं नव्हतं.

पुष्पानं पायाशी पडलेला लाकडाचा ढलपा उचलला.

"म्हणजे मी दोन घागरी फोडल्या असत्या," ती म्हणाली, "काम सांगितलं तं पळून गेली असती, तं शिकली असती?"

"हो."

"मले कोणी सांगितलं नाही तसं."

ती उठली. चुलीमागं जाऊन खरकटी भांडी घेतली आणि राख लावून घासायला बसली. सुखीबाई मदतीला गेली, तिला तिनं परत पाठवलं. कढई घासून झाली, तवा घासून झाला, आधीच स्वच्छ असलेली परात घासून झाली. मग ती ओल्या हातांनी बापापुढं येऊन उभी राहिली.

"माफी मागून राह्यला का?"

"मागाची कशी ते समजत नाही मले. आठ दिवस उभा राहतो."

"आठ दिवसानं काय होते?"

"काही नाही होत."

"मंग?"

"मंग बी राहतो."

उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली, "बाई, आपण उन्हाळ्यात जाऊ ना. तवा तुले सुटी राह्यते, बालेबी तरास नाही."

"उन्हाळ्यात नाही," पुष्पा म्हणाली. "जाईन तं हिवाळ्यातच. दहा वर्षाची होती तवापासून उसाबाहेरचा हिवाळा पाह्यला नाही मी." आणि तिनं विचारलं, "पासपोर्टले फोटो किती लागते?"

पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा हवा होता. पुष्पाचा शाळेचा दाखला कधी काढलाच नव्हता. तो आणायला पूनमसिंग स्वतः गेला. शाळेच्या मास्तरांनी कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि दाखला लिहून त्याच्या हातात दिला. पूनमसिंगला अक्षर जुळवून वाचता यायचं. शाळेच्या पायरीवर बसून त्यानं एकेक रकाना वाचला. अभ्यासातील प्रगती: उत्तम. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर.

तो परत आत गेला.

"गुरुजी, हे गैरहजर बदलता नाही येत?"

"रजिस्टरात जे आहे तेच लिहावं लागते, काका. काय बदलून पाहिजे?"

"बापानं नेली असं लिहा."

मास्तरांना वाटलं म्हातारा गंमत करतो आहे. ते हसले. पूनमसिंगनं दाखल्याची घडी केली आणि निघाला.

पासपोर्ट आला. व्हिसाचे ठसे द्यायला उज्ज्वला बहिणीला आणि आईला मुंबईला घेऊन गेली. तिथं पुष्पाच्या बोटांचे ठसे काही मशीनवर उठेनात. तिथल्या पोरीनं तीनदा बोटं पुसायला लावली, मलम लावायला दिलं, तेव्हा कुठं उठले. पुष्पानं हे फोनवर हसून सांगितलं. पूनमसिंगला हसू आलं नाही. दसऱ्यापासून त्यानं रोज सकाळी ज्वारीच्या धांड्यांच्या पेंढ्या बांधायचा सराव सुरू केला. पन्नास बांधायच्या, सोडायच्या, परत बांधायच्या. लोक बघून जायचे.

डिसेंबरात तो पुष्पा निघायच्या दोन दिवस आधी फडावर पोचला. मुकादम भीमसिंग कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिला.

"पूनमसिंग, सुना पाह्यल्या, नणंदा पाह्यल्या. जावयामागं सासरा मोळी बांधताना पह्यल्यांदाच पाहतो. लुगडं आणलं का संगं?"

"तुह्या बायकोचं दे एखादं," पूनमसिंग म्हणाला आणि पाचटात बसला.

खेमसिंग बिचारा अर्धमेला झाला होता. सासऱ्यापुढं मान वर करायची नाही, आणि इथं सासरा पायाशी बसून उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं उपटतोय. तो तोडता तोडता मागं यायचा आणि गुपचूप चार मोळ्या बांधून जायचा. दुसऱ्या दिवशी पूनमसिंगनं त्याला पकडलं.

"जावईबापू, मी पाव्हणा म्हणून आलो नाही. तुमचं तुमी तोडा."

"मामाजी, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. तिच्या मागं बी बांधता का तुमी चार मोळ्या?"

खेमसिंग कोयता उचलून तोडायला गेला.

पस्तीस वर्षं पूनमसिंग याच कामाला अर्धं म्हणत आला होता. त्यानं कायम तोडलं, मागचं सगळं सुखीबाईनं केलं, आणि मग पुष्पानं. आता त्याला कळलं, की अर्धं कोणतं ते. पहाटे तारे असताना उठून तीन दगडांवर भाकरी. पाण्याची कळशी, तीही शेतमालकाच्या मोटारीवरून. दंवानं भिजलेलं पाचट हातांना कापायचं. सोलायचं, रचायचं, वाढ्यानं आवळून बांधायचं. गाठ ढिली राहिली की मोळी वाटेत सुटायची आणि सगळे हसायचे. ट्रॅक्टर आला की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर. तेवढं मात्र गुडघ्यामुळं खेमसिंगला करावं लागायचं, आणि ते पूनमसिंगला लागायचं. कामावरून आल्यावर माणूस आडवा व्हायचा, तेव्हा परत चूल. पुष्पा दिवसाला ऐंशी मोळ्या बांधायची. तो पन्नासावर आला की बोटं मिटेनाशी व्हायची.

आणि यातलं पाणी आणि चूल तिनं दहाव्या वर्षीच सांभाळली होती, काखेत राजकुमारला घेऊन. तेव्हा तो तिच्याकडं पाहून खूश व्हायचा. टोळीत सांगायचा, 'माही पोर पाहा, कशी कामाची हाय.' शाबासकी म्हणून तिला गुळाचा खडा द्यायचा.

पुष्पा गेल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. ट्रॅक्टर नुकताच लागला होता, टोळी भरायला उठली होती. पूनमसिंग बांधावर गेला.

"बा, किती बांधल्या?" पुष्पानं सगळ्यात आधी हेच विचारलं.

"बावन्न."

"कमी हाये."

"हो."

"गाठ आवळताना गुडघा टेकव मोळीवर. चांगला असन तो गुडघा." मग तिनं तिकडचं सांगितलं. चढ लई आहेत, याडी, म्हणजे आई, दर दहा पावलांवर बसते, पण ट्राममधून उतरायला तयार नसते. नदी एवढी रुंद, की पलीकडचा काठ धूसर दिसतो. परवा पाऊस होता. काल ऊन पडलं तेव्हा एका चढावर बाकावर बसलो. समोरच्या माडीवर एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. संत्री सोलून खाल्ली.

"दोन तास बसलो, बा. कोणी उठवलं नाही. कोणी हाक मारली नाही."

"चांगलं हाय न मंग?"

"हो. लई चांगलं हाय."

ती थांबली. तिकडून कुठल्यातरी घंटेचा आवाज आला. पूनमसिंगला वाटलं, फोन तुटला.

"पुष्पा?"

"मले राग येऊन राह्यला, बा."

"काहून?"

"इतकं चांगलं हाय म्हणून. हे असं असते हे मले माहीतच नव्हतं. माहीत नव्हतं तवा बरं होतं. उज्ज्वला रोज सकाळी माह्यासाठी चहा आणते, माह्या पायाजवळ बसते, तं तिचाबी राग येते. तिचा काय दोष? मंग मी चहा पितो आणि बोलत नाही तिच्याशी. आठ दिवसाचं हाय म्हणून हसावं वाटते, आणि तोंडच उघडत नाही. तुह्यावर तं लई राग येऊन राह्यला. तिथं होती तवा नव्हता येत एवढा."

पूनमसिंगला काहीतरी बोलावंसं वाटलं. चुकलो, हा शब्द त्याच्या तोंडाशी आला, पण तो त्याला फार हलका वाटला. चिमटीत उचलता येईल एवढा. त्यानं तो गिळला.

"बोल," तो म्हणाला. "मी ऐकून राह्यलो."

आणि पुष्पा बोलायला लागली. कोणत्या वर्षी ताप असताना तिला उठवलं होतं. शाळेतल्या कोणत्या बाईंनी तिच्यासाठी वही ठेवली होती आणि ती वही होळीनंतर कशी उंदरांनी खाल्लेली सापडली. गुळाचा खडा ती कधी खायची नाही, पाचटात टाकून द्यायची, हेही सांगितलं.

फडातून खेमसिंगची हाक आली. मग भीमसिंगची. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. आपल्यापायी खेप थांबली, असं पूनमसिंगच्या हयातीत कधी झालं नव्हतं. त्यानं तिकडं पाठ केली आणि फोन कानाशी घट्ट धरून तो बांधावरच्या ओल्या मातीत खाली बसला.